विश्लेषण : बोनससाठी राजधानीत धडकलेल्या माजी सैनिकांनी धरणे कशी बांधली?

महामंदीत बेरोजगार झालेल्या पहिल्या महायुद्धातील सैनिकांवर अमेरिकेच्या एका अध्यक्षाने लष्कर पाठवले. पुढच्या अध्यक्षाने त्यांना फावडे देऊन जंगलात कामाला पाठवले. त्या छावण्यांतून उभी राहिलेली धरणे आजही पूर अडवत आहेत. या योजनेचे यश किती, मर्यादा कोणत्या?

जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्याला पुराचा जबर तडाखा बसला. राजधानी माँटपीलियरच्या बाजारपेठेत पाणी शिरले. त्याच रात्री शहर प्रशासनाने आणखी एका धोक्याचा इशारा दिला. शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या राइट्सव्हिल धरणात आणखी जेमतेम सहा फूट पाणी मावेल, त्यानंतर ते सांडव्यावरून थेट शहराकडे येईल, असे सांगण्यात आले. सुदैवाने पाणी सांडव्यापर्यंत पोहोचले नाही. आधीच बुडालेल्या शहरावरचे आणखी मोठे संकट टळले.

हे धरण बांधणारे लोक कोण होते? त्यांतील बहुसंख्य पहिल्या महायुद्धात लढलेले, महामंदीत नोकरी गमावलेले, चाळिशीकडे झुकलेले किंवा ती ओलांडलेले माजी सैनिक होते. काही जण तर वर्षभरापूर्वी आपल्या हक्काच्या पैशांसाठी वॉशिंग्टनमध्ये ठाण मांडून बसले होते. त्यांची ही कहाणी.

माजी सैनिकांची नेमकी मागणी काय होती?

पहिले महायुद्ध संपल्यावर घरी परतलेल्या अमेरिकी सैनिकांची एक तक्रार होती. ते महिना ३० डॉलरवर खंदकात लढत असताना मायदेशातील कारखान्यांत कामगारांना कितीतरी जास्त मजुरी मिळत होती. ही तफावत भरून द्यावी, अशी त्यांची मागणी होती. १९२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तसा कायदा केला. मायदेशातील सेवेसाठी दिवसाला एक डॉलर आणि परदेशातील सेवेसाठी सव्वा डॉलर असा हिशेब ठरला. अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांनी नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तो डावलून कायदा मंजूर केला.

मेख अशी होती, की छोट्या रकमा वगळता हे पैसे रोख मिळणार नव्हते. सैनिकांच्या हाती एक प्रमाणपत्र आले आणि त्याची पूर्ण रक्कम मिळणार होती १९४५ मध्ये. १९२४ साली, भरभराटीच्या काळात हे चालून गेले. पण १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला, बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. १९३३ पर्यंत दर चार कामगारांमागे एक बेरोजगार झाला. घरात चूल पेटेना आणि खिशात मात्र बारा-तेरा वर्षांनी वटणारा कागद, अशी या माणसांची अवस्था झाली. ‘आमचे पैसे आताच द्या’ या मागणीने त्यातूनच जोर धरला.

१९३२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये काय घडले?

ओरेगॉन राज्यातील पोर्टलंडहून वॉल्टर वॉटर्स या माजी सार्जंटच्या नेतृत्वाखाली काहीशे जण मालगाड्यांत चढून राजधानीकडे निघाले. वाटेत आणि देशभरातून इतर सामील होत गेले. उन्हाळ्यापर्यंत हजारो माजी सैनिक वॉशिंग्टनमध्ये जमले. अनेकांसोबत बायका-मुले होती. अ‍ॅनाकोस्टिया नदीकाठच्या चिखलमय मैदानात त्यांनी पत्रे, पुठ्ठे, जुन्या फळ्या यांची वस्ती उभारली. लोकांनी त्यांना नाव दिले ‘बोनस आर्मी’.

१५ जून १९३२ रोजी प्रतिनिधीगृहाने तातडीने पैसे देण्याचे विधेयक मंजूर केले. दोनच दिवसांनी सेनेटने ते फेटाळले. बरेच जण परतले, पण ज्यांना परतायला घरच उरले नव्हते ते तिथेच राहिले. २८ जुलै रोजी सरकारी इमारती रिकाम्या करताना झालेल्या झटापटीत पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिकांचा मृत्यू झाला. त्यानंतर अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी लष्कराला पाचारण केले. लष्करप्रमुख जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या नेतृत्वाखाली घोडदळ, पायदळ आणि रणगाडे रस्त्यावर उतरले. अश्रुधूर सोडण्यात आला. रात्री अ‍ॅनाकोस्टियाची वस्ती जळताना देशाने छायाचित्रांत पाहिली. लष्कराने आपल्याच जुन्या सैनिकांना हुसकावले, ही गोष्ट हूव्हर यांना महागात पडली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ते फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडून दारुण पराभूत झाले. अर्थात पराभवाचे मुख्य कारण मंदी हेच होते.

रूझवेल्ट यांनी वेगळे काय केले?

रूझवेल्टही बोनस तातडीने देण्याच्या विरोधातच होते. उलट मार्च १९३३ मध्ये सत्तेवर येताच त्यांनी काटकसरीचा कायदा करून माजी सैनिकांच्या निवृत्तिवेतनाला आणि भत्त्यांना कात्री लावली. साहजिकच मे महिन्यात माजी सैनिक पुन्हा राजधानीत आले. या वेळी मात्र सरकारचा पवित्रा निराळा होता. शहरापासून दूर, व्हर्जिनियातील फोर्ट हंट येथे त्यांच्यासाठी तंबू, तीन वेळचे जेवण आणि डॉक्टर यांची सोय करण्यात आली. १६ मे रोजी अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट तिथे गेल्या, चिखलातून चालल्या, सैनिकांशी बोलल्या, त्यांच्याबरोबर युद्धकाळातील गाणी म्हणाल्या. हूव्हरनी लष्कर पाठवले, रूझवेल्टनी बायकोला पाठवले, असे तेव्हा बोलले जाऊ लागले.

पैसे नाही, पण काम देऊ, असा हा प्रस्ताव होता. त्याच वर्षी ३१ मार्च रोजी मंजूर झालेल्या कायद्यातून ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ म्हणजेच ‘सीसीसी’ ही योजना उभी राहिली होती. बेरोजगार तरुणांना छावण्यांत ठेवून त्यांच्याकडून वृक्षलागवड, वणवे विझवणे, जमिनीची धूप थांबवणे, पूरनियंत्रण, उद्याने उभारणे अशी कामे करून घ्यायची, अशी ती कल्पना. मूळ योजना १८ ते २५ वर्षांच्या अविवाहित तरुणांसाठी होती. पण ११ मे १९३३ रोजी अध्यक्षांनी आदेश काढून २५ हजार माजी सैनिकांसाठी तिची दारे उघडली. त्यांना वयाची अट नव्हती, लग्न झालेले असले तरी चालणार होते. फोर्ट हंटमधील अनेकांना सुरुवातीला हे अपमानास्पद वाटले. बोनस मागायला आलेल्यांच्या हाती दिवसाला एक डॉलरची मजुरी टेकवली जात होती. कामगार संघटनांचाही या दरावर आक्षेप होता. त्यामुळे बाजारातील मजुरीचे दर पडतील, अशी त्यांना भीती होती. तरीही काही दिवसांतच मोर्चातील सुमारे २६०० जणांनी नाव नोंदवले. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी सरकारने दिलेल्या रेल्वे तिकिटावर घरचा रस्ता धरला.

छावणीतील जीवन कसे होते?

एका छावणीत साधारण दोनशे जण असत. निवास, जेवण, शिस्त आणि हिशेब यांची जबाबदारी लष्कराकडे होती. काम काय आणि कसे करायचे हे मात्र वन विभाग, राष्ट्रीय उद्यान सेवा किंवा लष्कराच्या अभियंता विभागातील तंत्रज्ञ ठरवत. माजी सैनिकांची निवड त्यांच्यासाठीच्या सरकारी प्रशासनामार्फत होई. पहाटे बिगूल, लाकडी बराकीत ओळीने खाटा, भोजनगृहात पोटभर जेवण, दिवसभर काम आणि संध्याकाळी वाचनालय, पत्त्यांचे डाव किंवा वर्ग, असा दिनक्रम होता. कवायत किंवा शस्त्रप्रशिक्षण मात्र नव्हते. ही नागरी योजना आहे, हे सरकार आवर्जून सांगत असे.

महिन्याला ३० डॉलर मिळत. मुकादमासारखे काम पाहणाऱ्यांना ३६ ते ४५ डॉलर. तरुणांच्या पगारातील साधारण २५ डॉलर थेट घरी पाठवले जात. कुटुंब असलेल्या माजी सैनिकांच्या पगाराचाही मोठा वाटा घरी जाई.

मात्र या छावण्या तरुणांच्या छावण्यांपेक्षा वेगळ्या होत्या. अठरा वर्षांच्या मुलासाठी छावणी म्हणजे आयुष्याची सुरुवात होती. चाळिशीतल्या माणसासाठी ती नोकरी, घर आणि अनेकदा संसारही गमावल्यानंतरचा आसरा होती. अनेकांना युद्धातील जखमा, विषारी वायूचे परिणाम, मानसिक आघात यांचा त्रास होता. काहींना दारूचे व्यसन जडले होते. त्यामुळे अवजड कामाची सक्ती सर्वांवर एकसारखी करता येत नसे. दुसरीकडे, त्यांच्यात सुतार, गवंडी, यंत्रचालक, स्वयंपाकी असे कसबी लोक होते. विसाव्या वर्षीच्या मुलाला जे शिकवावे लागे ते यांच्या हातात आधीच होते. योजना १९४२ मध्ये गुंडाळली गेली तोपर्यंत दोन लाखांहून अधिक माजी सैनिकांनी तिच्यात काम केले होते.

व्हरमाँटमध्येच धरणे का?

३ आणि ४ नोव्हेंबर १९२७ रोजी व्हरमाँटमध्ये अतिवृष्टी झाली. आधीच्या महिन्यातील पावसाने जमीन पाण्याने भरलेली होती. नवे पाणी मुरायला जागाच नव्हती. महापुरात राज्यातील ८४ जणांचा बळी गेला. राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर हॉलिस्टर जॅक्सन हेही मृतांत होते. १२००हून अधिक पूल वाहून गेले. सर्वाधिक जीवितहानी विनुस्की नदीच्या खोऱ्यात झाली. राजधानी माँटपीलियर, बॅरी आणि वॉटरबरी ही गावे याच खोऱ्यात आहेत. बोनस कायद्यावर नकाराधिकार वापरणारे तेव्हाचे अध्यक्ष कूलिज हे मूळचे याच राज्याचे.

पुन्हा असे होऊ नये यासाठी विनुस्कीच्या उपनद्यांवर पूरनियंत्रक धरणे बांधावीत, असा विचार पुढे आला. पण हे डोंगराळ, छोटे, शेतीप्रधान राज्य होते. मंदीत एवढा खर्च त्याला पेलणारा नव्हता. १९३३ मध्ये ‘सीसीसी’ने मनुष्यबळाचा प्रश्न सोडवला. लष्कराच्या अभियंता विभागाने आराखडे आणि देखरेख सांभाळली. छावण्यांतून माणसे आली, त्यांत प्रामुख्याने माजी सैनिक होते. त्यांपैकी अनेक जण इतर राज्यांतून आलेले होते. न्यू इंग्लंडचा बर्फाळ हिवाळा त्यांनी तंबू आणि बराकींमध्ये काढला.

आधी ईस्ट बॅरी आणि राइट्सव्हिल ही दोन धरणे झाली. मार्च १९३६ मध्ये न्यू इंग्लंडमध्ये पुन्हा मोठे पूर आले तेव्हा ती उभी होती आणि त्यांनी बॅरी व माँटपीलियरच्या दिशेने येणारे पाणी अडवून धरले. १९२७ नंतर दहा वर्षेही झाली नव्हती. धरणांचा उपयोग लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

वॉटरबरीची छावणी एवढी मोठी का होती?

तिसरे धरण सर्वात अवघड होते. वॉटरबरीजवळ लिटल रिव्हर या उपनदीवर सुमारे १८७ फूट उंच आणि १८०० फुटांहून अधिक लांब मातीचे धरण बांधायचे होते. १९३५ मध्ये काम सुरू झाले आणि १९३८ मध्ये पूर्ण झाले. यासाठी नदीकाठी जी वसाहत उभी राहिली तिला तत्कालीन गव्हर्नर चार्ल्स स्मिथ यांचे नाव देण्यात आले. इथे ८०हून अधिक इमारती होत्या आणि सुमारे दोन हजार माणसे राहत होती. एरवीच्या छावणीच्या दहापट. आजूबाजूच्या अनेक खेड्यांपेक्षा ही वस्ती मोठी होती.

मातीचे धरण म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे. पायथ्याची झाडे-झुडपे आणि भुसभुशीत थर काढून टाकावे लागतात. पाणी पाझरू नये म्हणून मध्ये घट्ट चिकणमातीचा गाभा लागतो. मातीचा एकेक थर पसरायचा, योग्य ओलावा राखायचा, रोलरने दाबायचा आणि मगच पुढचा थर टाकायचा. पाण्याच्या बाजूला लाटांनी माती खचू नये म्हणून दगडांचे अस्तर लावायचे. शिवाय जलाशयाखाली जाणाऱ्या जमिनीवरील झाडे तोडायची, रस्ते हलवायचे. यंत्रे होतीच, पण सरकारला जास्तीत जास्त हातांना काम द्यायचे असल्याने जिथे माणसाने होईल तिथे माणूसच वापरला गेला.

या खोऱ्यात पूर्वी डोंगरउतारावर शेती करणारी कुटुंबे राहत असत. निकस जमिनीमुळे त्यांतील बरीच आधीच उठून गेली होती. आज हा परिसर लिटल रिव्हर राज्य उद्यान म्हणून ओळखला जातो. जिथे बराकी होत्या त्या भागात आता सुट्टीसाठी आलेली कुटुंबे तंबू ठोकतात आणि जलाशयात होड्या फिरतात.

सर्वच छावण्यांची गोष्ट अशी सुखाची होती का?

नाही. १९३४ नंतरही वॉशिंग्टनमध्ये येत राहिलेल्या माजी सैनिकांसाठी दुसऱ्या एका केंद्रीय मदत योजनेतून दक्षिणेत कामाच्या छावण्या काढण्यात आल्या. त्या ‘सीसीसी’च्या नव्हत्या. त्यांतील तीन फ्लोरिडा कीज या बेटांच्या माळेवर होत्या. बेटांना जोडणाऱ्या महामार्गाचे पूल बांधण्याचे काम तिथे चालू होते. समुद्रसपाटीपासून काही फूट उंचीवरच्या या बेटांवर माणसे तंबूत आणि कच्च्या झोपड्यांत राहत होती, तीही वादळांच्या हंगामात.

२ सप्टेंबर १९३५ रोजी, कामगार दिनाच्या सुट्टीच्या दिवशी, अमेरिकेच्या किनाऱ्यावर आजवर नोंदवले गेलेले सर्वात तीव्र चक्रीवादळ या बेटांवर आदळले. सैनिकांना बाहेर काढण्यासाठी मायामीहून रेल्वेगाडी मागवण्यात आली, पण ती फार उशिरा. गाडी इस्लामोराडाला पोहोचली तेव्हा समुद्राच्या लाटेने इंजिन सोडून डबे रुळांवरून फेकून दिले. एकूण चारशेहून अधिक मृत्यू झाले. त्यांत अडीचशेहून अधिक माजी सैनिक होते. सरकारी चौकशीने घाईने ‘दैवी आपत्ती’ असा निष्कर्ष काढला. मदतकार्यासाठी बेटांवर गेलेले लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी मात्र या माणसांना तिथे कोणी पाठवले आणि वादळाच्या काळात तिथेच का ठेवले, असा जळजळीत सवाल एका लेखातून केला.

‘सीसीसी’च्या माजी सैनिक छावण्याही निर्दोष नव्हत्या. कायद्यात वर्ण, वंश किंवा धर्मावरून भेदभाव करू नये, असे कलम होते. प्रत्यक्षात कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या ठेवल्या गेल्या. फ्रान्समध्ये लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाला मायदेशात झाडे लावण्यासाठीही वेगळ्या बराकीत राहावे लागले.

मग बोनसचे काय झाले?

छावण्यांनी बोनसची मागणी थंडावली नाही. १९३५ मध्ये काँग्रेसने मंजूर केलेले विधेयक रूझवेल्ट यांनी परत पाठवले. फ्लोरिडातील मृत्यूंनंतर लोकमत अधिकच सैनिकांच्या बाजूने झुकले. जानेवारी १९३६ मध्ये काँग्रेसने अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून कायदा केला आणि त्याच वर्षी, ठरलेल्या मुदतीच्या नऊ वर्षे आधी, पैसे मिळाले.

खरा धडा पुढच्या पिढीच्या कामी आला. दुसरे महायुद्ध संपण्याआधीच, २२ जून १९४४ रोजी, रूझवेल्ट यांनी ‘जीआय बिल’वर स्वाक्षरी केली. परतणाऱ्या सैनिकाला शिक्षणाचा खर्च, घरासाठी कर्जहमी आणि बेरोजगारी भत्ता देणारा हा कायदा होता. लाखो सैनिकांना एकाच वेळी कामाविना घरी पाठवले तर काय होते, हे अ‍ॅनाकोस्टियाच्या मैदानावर राज्यकर्त्यांनी पाहिले होते.

भारतात असा प्रयोग आहे का?

माजी सैनिक आणि पर्यावरण यांची सांगड भारतातही घातली गेली, पण वेगळ्या वाटेने. १९८२ मध्ये प्रादेशिक सेनेची पहिली पर्यावरण बटालियन उभारण्यात आली. चुनखडीच्या खाणींनी उघडेबोडके झालेले मसुरीचे डोंगर पुन्हा हिरवे करण्याचे काम तिच्याकडे होते. गढवाल भागातील माजी सैनिक तिच्यात होते. महाराष्ट्रातही महार रेजिमेंटशी संलग्न अशी बटालियन छत्रपती संभाजीनगर येथे २०१७ मध्ये सुरू झाली. मराठवाड्यात वृक्षलागवड हे तिचे काम.

दोन्हींत एक मोठा फरक आहे. भारतातील बटालियन माजी सैनिकाला पुन्हा वर्दी देते. अमेरिकी छावण्यांनी ती मुद्दाम दिली नाही. साम्य असे, की शिस्तीत, एकत्र राहून, दुर्गम जागी दीर्घकाळ काम करण्याची सवय असलेला माणूस निसर्गसंवर्धनाला लागतो आणि तो सैन्यातून निवृत्त होऊन घरी आलेला असतो.

आज या छावण्यांचा वारसा काय?

‘सीसीसी’ने नऊ वर्षांत सुमारे ३० लाख लोकांना काम दिले आणि तीन अब्जांच्या आसपास झाडे लावली, असे सांगितले जाते. टेक्सासमधील पॅलो ड्युरो कॅनियनसारख्या राज्य उद्यानांच्या उभारणीत माजी सैनिकांच्या तुकड्यांचा हात आहे. पण त्यांच्या कामाची खरी कसोटी व्हरमाँटमध्ये लागते, कारण तिथे दर मोठ्या पावसात त्यांचे काम पुन्हा तपासले जाते.

ही धरणेही म्हातारी होत आहेत. वॉटरबरी धरणात पाझर आढळल्याने या शतकाच्या सुरुवातीला जलाशय उतरवून मोठी दुरुस्ती करावी लागली. शिवाय ही धरणे उपनद्यांवर आहेत. मुख्य विनुस्कीत इतर ओढ्यांतून येणारे पाणी ती अडवू शकत नाहीत. म्हणूनच २०२३ मध्ये धरणे शाबूत राहूनही माँटपीलियर बुडाले. १९२७ चा पाऊस डोळ्यांपुढे ठेवून आखलेली धरणे बदलत्या हवामानातील पावसाला किती काळ पुरतील, हा व्हरमाँटपुढचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना तेथील अभियंत्यांच्या हिशेबात आजही तीच माती आहे, जी दिवसाला एक डॉलर घेणाऱ्या माणसांनी थरावर थर दाबून बसवली होती.